शाळेतील राउटर : तार आणि तिची टोके

शाळाभेटीत हजेरीपट, पाठटाचणे व पोषण आहाराच्या नोंदी पाहून झाल्या, की मुख्याध्यापक बहुधा आवाज किंचित खाली आणून एक तक्रार सांगतात, "साहेब, नेट चालत नाही." अधिक चौकशी करता असे कळते की, डिजिटल फलक भिंतीवर आहे, राउटरचे दिवे लुकलुकत आहेत, जोडणी देणाऱ्यांचा माणूस येऊन "आमच्याकडून सर्व ठीक आहे" असे सांगून गेला आहे, आणि वर्गातील मुले मात्र पडद्यावर फिरणारे चक्र पाहत बसली आहेत. मग दोष राउटरच्या माथी मारला जातो. नवा राउटर आणला जातो. चक्र फिरतच राहते.

अशा अनेक शाळा पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यंत्रापेक्षा त्याला जोडणाऱ्या तारेत, आणि तारेपेक्षाही तिच्या टोकांत, दोष सापडण्याचा संभव फार अधिक असतो. हा दोष ओळखण्यासाठी अभियंता असण्याचे कारण नाही. खडू चांगला की वाईट हे जसे शिक्षकास हातात घेताच कळते, तद्वत् तारेची परीक्षाही थोड्या माहितीने करता येते. ही माहिती नसल्यामुळे शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून एकदा वाईट तार घेतली जाते, ती भिंतीत बसविली जाते आणि पुढे कित्येक वर्षे ती कोणी काढीत नाही. ज्या वाडीत मोबाइलचा संदेशही धड पोहोचत नाही, तेथील मुलास जगाचा नकाशा हलताना पाहावयास मिळण्याचे ठिकाण शाळा हेच होय. यास्तव हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहे.

प्रथम शाळेत येणाऱ्या तारा कोणत्या, हे ओळखावे. सन २०११ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच २०१५ पासून भारतनेट असे नाव आहे. या किंवा अन्य मार्गाने शाळेत येणारी जोडणी आता पुष्कळ ठिकाणी प्रकाशतंतूची, म्हणजे फायबरची असते. तिच्यातून वीज वाहत नाही. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश वाहतो. हा तंतू ज्या लहान पेटीत शिरतो, ती पेटी प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संदेशात करते. पेटीतून पुढे राउटरकडे, आणि राउटरपासून संगणकाकडे किंवा फलकाकडे जाते ती तांब्याची तार. काही ठिकाणी पेटी व राउटर एकाच यंत्रात असतात. तिसरी तार जुन्या दूरध्वनीची. ती आता क्वचितच दिसते, पण तिचे टोक राउटरच्या टोकासारखे, फक्त अरुंद असते. ते राउटरच्या रुंद खाचेत सैलसे शिरते, त्यामुळे भ्रम होतो. खाचेत टोक बसताना खटका 'टक्' असा वाजला नाही, तर ते टोक तेथले नव्हे किंवा त्याचा खटका तुटलेला आहे, असे समजावे.

प्रकाशतंतूविषयी फार लिहीत नाही, कारण त्याचे टोक बनविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. तथापि तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. घरगुती व शालेय जोडणीत त्याचे टोक बहुधा हिरव्या रंगाचे असते. दुसरा प्रकार निळ्या रंगाचा. हिरव्या टोकातील काच किंचित तिरपी, सुमारे ८ अंशांनी घासलेली असते, निळ्यातील तशी नसते. दोन्ही एकमेकांत शिरतात खरी, पण काचेला काच नीट भिडत नाही आणि प्रकाश वाया जातो. म्हणून हिरव्यास हिरवा व निळ्यास निळा, हाच नियम. दुसरी गोष्ट, ही तार दुमडू नये. जास्तीची लांबी ताटलीएवढ्या वेटोळ्यात ठेवावी. खिळ्यावर करकचून टांगलेला फायबर मी पाहिला आहे. त्या शाळेतील पेटीवर एलओएस या नावाचा लाल दिवा अखंड लुकलुकत होता, म्हणजे प्रकाश पोहोचतच नव्हता. वेटोळे सैल करताच दिवा विझला व पाठ सुरू झाला. तिसरी गोष्ट मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. निघालेल्या टोकात डोळा लावून कोणीही पाहू नये. आतला प्रकाश डोळ्यास दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजणे धोक्याचे आहे.

आता मुख्य विषय, तांब्याची तार. तिचे आवरण सोलले असता आत आठ बारीक तारा दिसतात, आणि त्या दोन-दोन अशा चार जोड्यांत एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. सारी किमया त्यातच आहे. दूरध्वनीचे जनक ग्रॅहम बेल यांनी अशा पिळलेल्या जोडीचे एकस्व १८८१ मध्ये घेतले होते, इतकी ही युक्ती जुनी आहे. तिचे मर्म असे. तराजूची दोन पारडी उघड्यावर टांगली आणि पाऊस आला, तर दोन्ही पारड्यांत सारखेच पाणी पडते व दांडी सरळच राहते. वाण्याला फक्त दांडीचा कल पाहावयाचा असतो. त्यामुळे पावसाने त्याच्या मापात फरक पडत नाही. जोडीतील दोन तारा ही दोन पारडी होत. संदेश पाठविताना एका तारेत जेवढा दाब वर, तेवढाच दुसरीत खाली ठेवतात, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचते. जवळून जाणाऱ्या विजेच्या तारेचा, पंख्याचा वा पाण्याच्या मोटारीचा जो व्यत्यय येतो, तो दोन्ही तारांवर सारखाच पडला तर फरकात काहीच बदल होत नाही. मात्र सारखा पडण्यासाठी दोघींनी आळीपाळीने जागा बदलली पाहिजे. ते काम पीळ करतो. जेथे पीळ उलगडला, तेथे एक पारडे छपराखाली व एक उघड्यावर अशी स्थिती होते.

हे एकदा समजले की पुढील बहुतेक नियम पाठ करण्याची गरज राहत नाही.

बाजारात ही तार 'कॅट' या श्रेणीने ओळखली जाते. शाळेसाठी दोनच श्रेणींचा विचार करावा, कॅट ५ई आणि कॅट ६. सेकंदास १००० मेगाबिट इतका वेग १०० मीटर अंतरापर्यंत दोन्ही देतात. कॅट ६ मध्ये तारा किंचित जाड व पीळ अधिक दाट असतो, त्यामुळे व्यत्यय कमी. दरात थोडाच फरक असेल तर कॅट ६ घ्यावी. नसेल तर कॅट ५ई घेऊन काही बिघडत नाही. ५ या अंकापुढे 'ई' नसलेली जुनी तार मात्र नवीन कामास घेऊ नये. कॅट ७, कॅट ८ अशी नावे सांगून कोणी अधिक पैसे मागू लागल्यास नम्रपणे नकार द्यावा. दोन खोल्यांच्या शाळेस त्यांचा उपयोग नाही. तीच गोष्ट चंदेरी पत्रा गुंडाळलेल्या तारेची. तो पत्रा नीट भूमीस जोडला तरच कामाचा, आणि आपल्या शाळांत भूमिजोडणीची अवस्था काय असते हे आपण जाणताच.

श्रेणीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न धातूचा आहे. येथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेने ३०५ मीटरचा, म्हणजे हजार फुटांचा, तारेचा खोका घेतला. दर पाहून मुख्याध्यापकांच्या काटकसरीचे मला कौतुक वाटले, आणि खरेदीवर 'समाधानकारक' असा शेरा मीच दिला. खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सीसीए' असे छापलेले होते; ते मी वाचले नाही, आणि वाचले असते तरी मला कळले नसते. सीसीए म्हणजे वर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. पहिला पावसाळा सरताच खोल्या एकामागून एक बंद पडू लागल्या. टोके उघडून पाहिली, तर काही तारा नखाच्या धक्क्याने तुटत होत्या. फाटकावरील कॅमेऱ्यास याच तारेतून वीज द्यावयाची होती. तोही दुपारी चाले व रात्री दिवा लागला की बंद पडे. अशा तारेचा विद्युत्‌रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. त्यामुळे लांब अंतरावर दाब पुरत नाही आणि तार विनाकारण तापते. खरे पाहता, मान्य मानकांनुसार कॅट ५ई वा कॅट ६ हे नाव शुद्ध तांब्याच्या तारेलाच शोभते. तरीही मुलामा दिलेल्या तारेवर ही अक्षरे छापून ती सर्रास विकली जाते. त्या शाळेचे वर्षाचे पैसे गेले, आणि माझा शेरा अद्याप त्या वहीत आहे.

परीक्षा अगदी सोपी आहे. दुकानातच वीतभर तुकडा मागून घ्यावा. एक बारीक तार चाकूच्या पात्याने हळूच खरवडावी. आत तांबूस रंग राहिला तर तांबे; पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम. तीच तार पाच-सहा वेळा मागेपुढे वाकवून पाहावी. मुलाम्याची तार लवकर मोडते. खोका उचलतानाही फरक जाणवतो, कारण ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. बिलावर 'शुद्ध तांबे' असे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्यावेत. प्रामाणिक दुकानदार ते आनंदाने लिहितो.

तांब्यातही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक तार एकसंध व भरीव असते, तर दुसरीत ती अनेक बारीक तंतूंची मिळून झालेली असते. भरीव तार भिंतीवर कायमची बसवावयास योग्य. ती लांब अंतरास चांगली, पण वारंवार वाकविल्यास मोडते. तंतूंची तार मऊ असते. टेबलावरील संगणक व भिंतीतील खाच यांमध्ये जी रोज हलते ती तार अशी असावी. ही एक-दोन मीटरची तार दोन्ही टोकांसह कारखान्यात तयार झालेली मिळते. पेटी व राउटर शेजारी शेजारी असतील तर अशी तयार तारच घ्यावी, हाताने टोके बसविण्याच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांबी मोजताना डोळ्यांनी अंदाज करू नये. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, कोपऱ्यात वळून तार ज्या वाटेने जाणार त्या वाटेने सुतळी लावून मोजावी, आणि प्रत्येक टोकास मीटरभर अधिक धरावे. हे काम पाचवीच्या मुलांकडून करून घेतल्यास लांबीमापनाचा एक पाठही साधतो. एका सलग मार्गाची एकूण लांबी १०० मीटरच्या आत राहिली पाहिजे. त्यात भिंतीवरील भाग ९० मीटरपर्यंत, आणि दोन्ही टोकांच्या मऊ तारा मिळून १० मीटर असा हिशेब धरतात.

आता टोकांकडे वळू. पारदर्शक प्लास्टिकचे, आठ सोनेरी पट्ट्यांचे जे टोक तारेस बसवितात, त्यास सर्वजण आरजे ४५ म्हणतात. ते घेताना आपली तार कोणती हे दुकानदारास सांगावे. भरीव तारेचे टोक वेगळे, तंतूंच्या तारेचे वेगळे, आणि कॅट ६ च्या जाड तारा कॅट ५ई च्या टोकात नीट शिरत नाहीत. टोके स्वस्त असतात. दोन लागणार असतील तर दहा घ्यावीत, कारण पहिली दोन-तीन बिघडतात. माझी तर पाच बिघडली होती.

आठ तारांचा क्रम ठरलेला आहे. टोक असे धरावे की खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर, आणि तार आपल्या बाजूने आत जाईल. मग डावीकडून उजवीकडे क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यास टी ५६८ बी असे नाव आहे. दुसराही एक क्रम मान्य आहे, पण त्याची माहिती देऊन गोंधळ वाढवीत नाही. दोन्ही टोकांस हाच क्रम ठेवावा म्हणजे झाले.

चौकस शिक्षक येथे विचारतील की, हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घातली? जोड्या ओळीने लावल्या तर लक्षात ठेवणे किती सोपे! हाच प्रश्न एका तालुक्याच्या गावी तार बसविणाऱ्या होतकरू तरुणाला पडला असावा. त्याने नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चारही जोड्या दोन्ही टोकांस ओळीने लावल्या. तपासणी यंत्राचे आठही दिवे क्रमाने लागले, बिल मंजूर झाले. पण शाळेत लहानसे पत्र उघडे आणि चित्रफीत मात्र अडकून पडे. कारण असे की, यंत्र संदेशाची एक जोडी पहिल्या व दुसऱ्या पट्टीवर, आणि दुसरी तिसऱ्या व सहाव्या पट्टीवर शोधते. त्याच्या मांडणीत तिसरीवर पांढरा-हिरवा आला, सहावीवर निळा, म्हणजे एक तार एका पिळातली व दुसरी दुसऱ्या. दोन पारडी दोन वेगळ्या तराजूंची झाली. वीज सुरळीत वाहत होती म्हणून दिवे लागले. पण पिळाचे संरक्षण नष्ट झाले. दिवे लागणे हा पुरावा अपुरा आहे, हे या प्रसंगाने मला शिकविले. तेव्हापासून मी पारदर्शक टोकातून रंग स्वतः वाचतो.

टोक बसविताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये, तारा टोकाच्या अगदी शेवटपर्यंत पोहोचल्या आहेत हे समोरून पाहावे, आणि बाहेरील जाड आवरण टोकाच्या आत येऊन तेथील पाचरीखाली दाबले गेले पाहिजे. आवरण बाहेर राहिले की साऱ्या तारेचा भार आठ बारीक तारांवर येतो. दाबण्यासाठी त्याचे हत्यारच वापरावे. पकडीने वा दाताने हे काम होत नाही. हत्यार प्रत्येक शाळेने घेण्याची आवश्यकता नाही, केंद्रात एक असले तरी पुरे.

तपासणी यंत्राबरोबरच संगणकावर जोडणीचा वेगही पाहावा. राउटर व संगणक दोन्ही १००० चे असून तेथे १०० असा आकडा दिसत असेल, तर चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे असा संशय घ्यावा. १०० च्या वेगास दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. यंत्र तक्रार न करता कमी वेगावर उतरते, आणि आपण वर्षभर तसेच काम करीत राहतो.

राउटरच्या मागे बहुधा एक खाच वेगळ्या रंगाची असून तिच्यावर 'वॅन' असे लिहिलेले असते. बाहेरून येणारी जोडणी त्या खाचेत. बाकीच्या 'लॅन' खाचा संगणक व फलकासाठी. झाडलोट करताना तार निघाली की कोणीतरी सद्भावनेने ती भलत्याच खाचेत घालतो. म्हणून प्रत्येक टोकास चिठ्ठी चिकटवावी. एकाच तारेची दोन्ही टोके एकाच राउटरच्या लॅन खाचांत घातली गेली, तर संदेश गोल फिरत राहून सारी शाळा ठप्प होऊ शकते; हेही मी एकदा पाहिले आहे.

तार नेण्याविषयी थोडे. विजेच्या तारांशी समांतर नेणे टाळावे. न्यावीच लागली तर फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडताना काटकोनात ओलांडावी. एकाच नळीत दोन्ही मुळीच घालू नयेत. कौलारू छपरात उंदीर तार कुरतडतात, म्हणून प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. साधी करड्या आवरणाची तार उन्हात ठिसूळ होते. उघड्यावर उन्हास टिकणाऱ्या काळ्या आवरणाचीच हवी.

शाळेच्या दोन इमारती असतील तर त्यांमध्ये तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये, हे आग्रहाने सांगतो. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली तरी अशा तारेत क्षणार्धात मोठा दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. प्रसंगी हात लावणाऱ्यासही इजा होते. तेथे प्रकाशतंतू वापरावा, किंवा बिनतारी जोडणी करावी. आणि ढग गडगडू लागण्यापूर्वी, किंवा सुटीसाठी शाळा बंद करताना, राउटरची विजेची खीळ काढतो त्याबरोबर तांब्याच्या ज्या तारा खोलीबाहेर गेल्या असतील त्याही काढून ठेवाव्यात. केवळ बटण बंद केल्याने संरक्षण मिळत नाही.

उरलेली तार फेकू नये. सैल वेटोळे करून, त्यावर श्रेणी व खरेदीचा दिनांक लिहून ती जडसंग्रह नोंदवहीत घ्यावी. तिच्याबरोबर कारखान्यात तयार झालेल्या दोन चांगल्या तारा कपाटात न वापरता ठेवाव्यात. पुढील वेळी "नेट चालत नाही" असे म्हणावयाची पाळी येईल, तेव्हा कोणास बोलावण्याआधी संशयित तार काढून तिच्या जागी यांतील एक लावून पाहावी, आणि जे दिसले ते तारखेसह शेरेबहीत लिहून ठेवावे.